पाच दारी जिम्नी उचलायची आहे: स्पेसर, नुसत्या स्प्रिंगा की पूर्ण किट?

असळजकर

नमस्कार मंडळी. माझ्याकडं मारुतीची पाच दारी जिम्नी आहे, मॅन्युअल. राहायला फुलेवाडीत, शेत असळजला. आठवड्यातनं दोन-तीनदा गगनबावडा रस्ता होतोच, आणि मुख्य रस्त्यापासून शेतापर्यंत पाणंद. गळीत सुरू झालं की त्या पाणंदीतनं उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या जातात. चाकांचे दोन चर खोल जातात, मध्ये उंचवटा राहतो आणि तिथं गाडी खालनं घासते. पावसाळ्यात चिखल असतो म्हणून आवाज कमी येतो, उन्हाळ्यात माती वाळली की दगडावर घासल्यासारखं वाटतं. सुट्टीच्या दिवशी धामणी खोऱ्यातल्या कच्च्या वाटांवर पण जातो. तिथं चढ संपून उतार लागतो त्या जागी पोट टेकतं.

गाडी दोन इंच उचलावी म्हणतोय. चौकशी केली तर तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या. मित्राचं उद्यमनगरात लेथ आहे, तो म्हणतो, नायलॉनचे चाळीस मिलिमीटरचे स्पेसर टर्न करून देतो, स्प्रिंगखाली घाल, काम झालं. एक दुकानदार म्हणाला, दोन इंच उंच स्प्रिंगा घ्या, कंपनीचे शॉकप (शॉक ॲब्सॉर्बर) तसेच ठेवा. दुसरा म्हणाला, एकदाच करायचं तर तीन इंच हेवी ड्युटी किट घाला, पुढं लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं मोटरचं रीळ) बसवलं तरी बघायला नको.

बंपर-विंचचा विचार डोक्यात आहे, ठरलेलं नाही. मागं कधी युरियाची चार पोती असतात, कधी काहीच नसतं. बजेट सत्तर हजारांच्या आत. ज्यांनी हे काम हातानं केलंय त्यांनी सांगावं.

उद्यमनगर_पाटेवाला

भावा, किती इंच ते शेवटी ठरवू. आधी गाडी नक्की कुठं घासते ते बघ. पाणंदीतनं आलास की धुवायच्या आधी बॅटरी घेऊन गाडीखाली झोप. चिखल कुठं पुसला गेलाय, लोखंडाला चकाकी कुठं आलीय ते लगेच दिसतं. पुढच्या-मागच्या एक्सलवरच्या डिफरन्शियलच्या (डाव्या-उजव्या चाकाला ताकद वाटणाऱ्या गिअरच्या) गोळ्याचा तळ बघ, मधे ट्रान्सफर केसखालचा (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीखालचा) आडवा क्रॉसमेंबर बघ, आणि मागचा एक्सल धरणाऱ्या आर्म जिथं चेसिसला बसतात ते कान बघ.

हे का सांगतोय ते समजून घे. जिम्नीला पुढं आणि मागं दोन्हीकडं अखंड एक्सल आहे. एक्सल चाकाला बांधलेला. स्प्रिंग कितीही उंच घाल, चेसिस वर जाईल, एक्सल जागचा हलणार नाही. डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून किती वर राहणार हे फक्त टायर ठरवतो, आणि तेही निम्म्यानं. तुझ्या १९५/८० आर १५ टायरचा व्यास साधारण ६९३ मिलिमीटर. २१५/७५ आर १५ घातलेस तर ७०३ च्या आसपास. म्हणजे गोळा वर गेला पाच मिलिमीटर. २३५/७५ घातलास तर वीस मिलिमीटर मिळतात, पण तुझ्या मूळ रिमला तो टायर रुंद पडतो. तेव्हा उंचवटा जर गोळ्याला लागत असेल, तर सत्तर हजारांचं किट घालून पण तो लागतच राहणार. त्यापेक्षा शेजारच्या शेतकऱ्यांना घेऊन ट्रॅक्टरच्या ब्लेडनं पाणंद सारखी करून घेतलेली बरी. क्रॉसमेंबर किंवा आर्मचे कान घासत असतील, तर मात्र लिफ्टचा खरा उपयोग आहे.

दुसरं काम वजनकाट्याचं. कळ्याला कर, बालिंग्याला कर, जिथं रांग नसेल तिथं. टाकी भरून, नेहमीचं सामान गाडीत ठेवून आधी अख्खी गाडी काट्यावर घे. मग फक्त पुढची चाकं काट्यावर, मागची बाहेर. मग फक्त मागची. पुढची आणि मागची बेरीज अख्ख्या वजनाला जुळली पाहिजे. पाच-दहा किलोचा फरक काट्याचा असतो, तो सोडून दे. जास्त फरक आला तर काट्याच्या तोंडाशी जमीन वरखाली आहे, दुसरीकडं जा. मग हेच सगळं चार पोती भरून परत कर. पावत्या जपून ठेव.

माझे वडील उसाच्या गाड्यांचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) बांधायचे, आमच्याकडं अजून तेच मुख्य काम. ट्रकवाला आला की पहिला प्रश्न असायचा, माल किती भरतोस? उंची त्यावरनं ठरायची. जिम्नी असो, थार असो, हिशोब तोच. कंपनी जिम्नीचं रिकामं वजन १२०० किलोच्या आसपास सांगते आणि भरलेलं जास्तीत जास्त १५४५. मध्ये उरले साडेतीनशेच्या आत. चार माणसं बसली की पावणेतीनशे तिथंच गेले. लोखंडी बंपर, विंच, वरचं कॅरिअर, हे सगळं त्या उरलेल्यातनं वजा होतं. लिफ्ट केल्यानं गाडीची वजन न्यायची ताकद वाढत नाही, कारण एक्सल, ब्रेक, बेअरिंग तेच असतात.

आता स्प्रिंग आणि शॉकप. गाडीचं वजन पेलते आणि उंची ठरवते ती स्प्रिंग. शॉकप गाडी उचलत नाही, तो स्प्रिंगची उसळी आवरतो. म्हणून स्प्रिंग वजनावरनं निवडायची आणि शॉकप त्या स्प्रिंगवरनं. उलटं करायचं नाही.

स्प्रिंग दोन तऱ्हेनं उंच मिळते. एक, तार तेवढीच, लांबी जास्त. दोन, तार जाड. तार थोडी जाड झाली की कडकपणा लय झपाट्यानं वाढतो, कारण तो व्यासाच्या चौथ्या घातानं जातो. बारा मिलिमीटरची तार तेराची केली, बाकी सगळं तसंच, तरी स्प्रिंग ३८ टक्के कडक होते. तो दुसरा दुकानदार जे हेवी ड्युटी म्हणतोय ते हेच. ते स्प्रिंग कायम शंभर-दीडशे किलो जादा वजन असणाऱ्या गाडीसाठी आहे. रिकाम्या गाडीला घातलं तर गाडी तीन इंचाची चार इंच उठते, चाक रस्त्यावर बसतच नाही. करूळ घाटात पावसात ओल्या वळणावर चाक उडालं तर ब्रेक कशावर लागणार?

स्पेसरबद्दल. स्पेसर वाईट नाही, पण त्याला मर्यादा आहे. चाळीसचा स्पेसर घातलास की स्प्रिंग तीच, कडकपणा तोच, गाडी चाळीस मिलिमीटर वर. वर बघता सगळं छान. पण गाडी आदळून बंप स्टॉपला (एक्सलला वर अडवणाऱ्या रबराला) टेकते तेव्हा स्प्रिंग पहिल्यापेक्षा चाळीस मिलिमीटर जास्त दाबली जाते. वेटोळे एकमेकांवर बसायची भीती. आणि दुसऱ्या टोकाला, चाक खाली लटकतं तेव्हा कंपनीचा शॉकप चाळीस मिलिमीटर आधीच पूर्ण ताणला जातो. टक् असा आवाज येतो तो त्याचाच. अख्ख्या एक्सलचा झटका शॉकपच्या आतल्या वॉशरवर आणि वरच्या बोल्टावर बसतो. वीसपर्यंत स्पेसर मी बसवून देतो, विशेषतः एका बाजूला गाडी कललेली असते तेव्हा. चाळीस देत नाही.

नुसत्या उंच स्प्रिंगा आणि कंपनीचे शॉकप, याचा पण हाच दोष: लटकायची जागा गेली. शिवाय स्प्रिंग कडक झाली की परत येताना जोर जास्त असतो. स्प्रिंग वीस टक्के कडक केली तर शॉकपचं रिबाउंड (परत उसळताना आवरायची ताकद) साधारण दहा टक्के वाढायला हवं, नाहीतर गाडी खड्ड्यातनं आल्यावर दोन-तीनदा डुलते. मागं बसलेल्याला आधी कळतं.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेव. बाजारात जिम्नीची बरीच किटं तीन दारी गाडीसाठी बनलेली आहेत. त्या गाडीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) २२५० मिलिमीटर, तुझ्या गाडीचा २५९०, आणि तुझी गाडी वजनानं पण जास्त. डब्यावर जिम्नी लिहिलंय म्हणून घेऊ नको. पाच दारीचा पार्ट नंबर आहे का ते विचार, आणि किती जादा वजनासाठी ती स्प्रिंग आहे ते लेखी घे.

आणि कुणी म्हणालं जुनीच स्प्रिंग तापवून ताणून देतो, तर तिथनं उठून ये. आपल्या कोल्हापुरात बिडाचं ओतकाम देशात नाव काढण्यासारखं होतं, पण स्प्रिंगचं पाणी हे वेगळं काम आहे. गॅसनं तापवलेल्या जागी पोलादाचं पाणी उतरतं. महिन्याभरात तिथं बसते, किंवा तिथंच तुटते.

वजनं आणि घासल्याच्या जागा कळव. जमलं तर मागच्या बाजूला तीन मापं पण घे: सपाट जागेवर गाडी उभी असताना बंप स्टॉप आणि एक्सलच्या मधली मोकळी जागा, तीच जागा चार पोती भरल्यावर, आणि चेसिसला जॅक लावून चाक पूर्ण लटकवलं की एक्सल उभ्या मापापेक्षा किती खाली जातो ते. मग पुढचं बोलू.

राधानगरीचा_कॅम्पर

पावणं, वरच्या दादांनी वजनाचं सांगितलंय ते काळजावर लिहून ठेवा. माझी बोलेरो कॅम्पर हाय, पहाटं दुधाचे कॅन भरून निघती. मागच्या पाट्यात एक पाटा वाढवून घेतलाय. भरलेली असली की गाडी सरळ, वळणावर दम धरती. रिकामी परत येताना मागनं उडती, म्हणून रिकामी असताना मी वेग कमीच ठेवतो. माझ्या गाडीला ते चालतं, कारण तिचं जास्त काम भरलेल्यातच हाय. तुमच्या गाडीला रोज चार पोती न्हाईत. रिकाम्या गाडीचाच विचार जास्त करा.

ज्यांच्याकडं पाट्याची गाडी हाय त्यांच्यासाठी सांगतो. मागं पाटा आणि एक्सलच्या मधी ब्लॉक घालून उंची मिळती, यू-बोल्ट लांब घ्यायला लागतात, ते चालतं. पण पुढं पाटे असलेल्या जिप्सीला पुढच्या एक्सलवर ब्लॉक कधीच घालायचा न्हाई. ब्रेक मारला की एक्सल पीळ खातो आणि ब्लॉक निसटला तर स्टिअरिंग हातात राहत न्हाई. लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला धरणारी झुलती पट्टी) लावणारे पण बघितलेत. उंची मिळती, पण पुढं स्टिअरिंग हलकं पडतं आणि मागं प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलून त्याच्या सांध्यातला क्रॉस वाजायला लागतो.

आणि शॉकपच्या दांड्यावरचं रबरी बूट चिखलात गेलं की आतनं पाण्यानं धुवा. आत अडकलेली माती दांड्यावर घासती, सील जातं, तेल गळतं. आमच्याकडं शॉकप जास्त त्यानंच मरतात.

असळजकर

दादा, काका, दोघांचे मनापासून आभार. सांगितलं तसं सगळं केलं.

गाडीखाली झोपून बघितलं. डिफरन्शियलच्या गोळ्यांना गवत आणि मऊ चिखल लागलेला, ओरखडा नाही. ट्रान्सफर केसखालचा क्रॉसमेंबर मात्र चकचकीत झालाय, आणि मागच्या आर्मचे चेसिसकडचे कान दोन्ही बाजूंनी घासलेत. डाव्या कानाची तर खालची कड थोडी वळलीय.

वजनं: टाकी भरून, स्टेपनी, हत्यारं, जॅक, माणूस नाही: एकूण १२३०, पुढं ६५०, मागं ५८०. मागची सीट पाडून युरियाची ४५ किलोची चार पोती भरल्यावर: एकूण १४१०, पुढं ६६५, मागं ७४५. बेरीज दोन्ही वेळा बरोबर जुळली.

मागची मापं: रिकामी गाडी असताना बंप स्टॉपपर्यंत ८० मिलिमीटर मोकळे. पोती भरल्यावर ४५. पूर्ण लटकवल्यावर एक्सल ९५ मिलिमीटर खाली जातो.

आता मला दोन इंच पाहिजेत की दीड, तेच कळेना. आणि शॉकप कुठला घ्यायचा? एकजण मोनोट्यूबच घ्या म्हणतो, एकजण फोम सेल.

उद्यमनगर_पाटेवाला

भावा, असं काम केलंस की सांगणाऱ्याला पण हुरूप येतो. आता तुझ्याच आकड्यांवरनं हिशोब करू.

पोती भरल्यावर मागच्या एक्सलवर १६५ किलो वाढले, म्हणजे एका स्प्रिंगवर साधारण साडेब्याऐंशी. गाडी बसली ३५ मिलिमीटर. साडेब्याऐंशीला पस्तीसनं भाग, आले २.३५. म्हणजे तुझी मागची स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला साधारण २.३५ किलो लागतात. कुठल्या कॅटलॉगची गरज नाही, स्प्रिंगचा कडकपणा वजनकाटा आणि टेपनं निघाला. दुकानात गेलास की नव्या स्प्रिंगचा हाच आकडा विचार. ज्याला सांगता येत नाही त्याच्याकडनं घेऊ नको. कॅटलॉगमध्ये न्यूटन प्रति मिलिमीटर असेल तर आपल्या आकड्याला ९.८१ नं गुण, म्हणजे तुझी स्प्रिंग २३ न्यूटनची झाली.

पोती असताना तुझ्याकडं वर जायला फक्त ४५ मिलिमीटर उरतात. एका चांगल्या खड्ड्यात ते संपतात आणि बंप स्टॉपवर आदळते. त्यामुळं मागं थोडी कडक स्प्रिंग हवीच आहे. वीस टक्के कडक धर, म्हणजे २.८ च्या आसपास. मग तीच पोती भरल्यावर गाडी ३५ ऐवजी २९ मिलिमीटर बसेल.

आता उंची. मागच्या ५८० मधनं एक्सल, चाकं, ब्रेक यांचे दीडशे धरून वजा कर, कारण ते स्प्रिंगच्या खाली आहे. उरले ४३०, एका स्प्रिंगवर २१५. जुनी स्प्रिंग या वजनानं ९१ मिलिमीटर दबते, नवी ७६. म्हणजे लांबी तेवढीच ठेवली तरी नुसत्या कडकपणानं गाडी १५ मिलिमीटर उठणार. आणखी २५ मिलिमीटर लांब स्प्रिंग घेतलीस की झाले ४०. पोती भरल्यावर ४० मधनं २९ गेले, तरी आज रिकामी असते त्यापेक्षा ११ मिलिमीटर वर.

चाळीस म्हणजे दीड इंचाला थोडं जास्त. माझं मत यावरच थांब, आणि कारण सांगतो. तुझं पोट टेकतं तो कोन कंपनी २४ अंश सांगते. २५९० च्या व्हीलबेसला चाळीस मिलिमीटर उचललं की तो २७ च्या पुढं जातो. पन्नास उचललं तर त्यात एखाद्या अंशाचीसुद्धा भर पडत नाही. त्या जादा दहा मिलिमीटरसाठी बाकी सगळं अवघड होत जातं: पुढच्या एक्सलचा कॅस्टर (चाक ज्यावर वळतं त्या आसाचा मागं कललेला कोन), एक्सलला बाजूला सरकू न देणाऱ्या आडव्या पॅनहार्ड रॉडचा तिरकेपणा, ब्रेकच्या पाइपची लांबी, आणि वळणावर गाडीचं कलणं. गाडी आधीच अरुंद आणि उंच आहे.

कॅस्टरचं नीट समजून घे, कारण लिफ्ट करणारे इथंच हात झटकतात. पुढचा एक्सल दोन लांब आर्मवर झुलतो. चेसिस वर गेली की आर्म खाली कलतात आणि त्यांच्याबरोबर एक्सल पुढच्या बाजूला फिरतो. कॅस्टर कमी झाला की वळण घेऊन चाक सोडलं तरी स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही. महामार्गावर गाडी इकडंतिकडं हुंगत जाते, कधी एका वेगाला पुढची चाकं थरथरायला लागतात. कंपनीच्या गाडीत कॅस्टर फिरवायला जागा दिलेली नाही, त्यासाठी मध्याबाहेर भोक असलेले करेक्शन बुश (आर्मच्या सांध्यात बसणारे रबरी गट्टू) मिळतात. आज गाडी मूळ अवस्थेत आहे तोवर अलाइनमेंट करून कॅस्टरच्या आकड्यासह प्रिंट घेऊन ठेव. काम झाल्यावर परत प्रिंट घे. दोन कागद शेजारी ठेवले की बुश हवेत की नाही त्याचं उत्तर मिळतं. चाळिसाला बहुतेक हवेच असतात.

शॉकप. लटकायला तुझ्याकडं आज ९५ आहेत. चाळीस उचलल्यावर जुन्या शॉकपवर ५५ उरतील. म्हणून नवा शॉकप ताणलेल्या लांबीत मूळपेक्षा चाळीस मिलिमीटर जास्त हवा. पण दाबलेली लांबी बघितल्याशिवाय पैसे देऊ नको. बसवायच्या आधी स्प्रिंग काढून एक्सल बंप स्टॉपला टेकव आणि शॉकपच्या वरच्या आणि खालच्या बैठकीतलं अंतर मोज. नवा शॉकप पूर्ण दाबल्यावर त्यापेक्षा निदान दहा मिलिमीटर आखूड असला पाहिजे. नसेल तर बंप स्टॉप तेवढा खाली आणायचा. नाहीतर बंप स्टॉपच्या आधी शॉकपच ठेचला जातो.

मोनोट्यूब की फोम सेल? मोनोट्यूबमध्ये पिस्टन थेट बाहेरच्या नळीतच फिरतो. तेल आणि दाबाखालचा गॅस वेगळे असल्यामुळं तेलाला फेस येत नाही, आणि नळी थेट हवेत असल्यानं उष्णता लवकर निघते. तासन् तास खडबडीत रस्त्यावर वेगात पळवणाऱ्याला तो उत्तम. पण बाहेरच्या नळीला जांभ्या दगडाचा एक पोचा बसला की पिस्टन अडकतो, शॉकप गेला. ट्विन ट्यूबला आत दुसरी नळी असते, बाहेर पोचा आला तरी चालत राहतो. फोम सेल म्हणजे ट्विन ट्यूबच, फक्त राखीव तेलाच्या जागेत गॅसऐवजी बारीक छिद्रांचा फोम असतो, त्यामुळं तेलात हवा मिसळत नाही. तुझं काम बघ: पाणंद, चिखल, दगड, वेग कमी. आणि उरलेला वेळ गगनबावड्याचा डांबरी रस्ता. मी तुझ्या जागी असतो तर जाड नळीचा फोम सेल किंवा साधा चांगला गॅसचा ट्विन ट्यूब घेतला असता. नाव कुठलंही असू दे, रिबाउंड तुझ्या २.८ च्या स्प्रिंगसाठी जुळवलेलं आहे का एवढं विचार. म्हणूनच स्प्रिंग आणि शॉकप एकाच संचातले घेतले तर बरं पडतं.

पुढच्या बंपर-विंचचं. पाणंदीत तुला ओढायला ट्रॅक्टर मिळतो. चांगला रिकव्हरी दोर आणि चेसिसला बसलेला हुक एवढं तुला पुरतंय. विंच आणि लोखंडी बंपर धरून पुढच्या एक्सलवर सत्तर-ऐंशी किलो सहज वाढतात, मग पुढच्या स्प्रिंगचा सगळा हिशोब बदलतो. म्हणून ते आत्ताच नक्की कर. बसवणार नसशील तर पुढं मूळ वजनाचीच, फक्त चाळीसनं उंच स्प्रिंग घे. मागं कडक आणि पुढं मऊ, यात काही चूक नाही.

एमएच०९_कागदपत्रं

एक गोष्ट मध्येच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं आरसीवर नोंदलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. धातूच्या क्रॅश गार्ड आणि बुल बारबद्दल तर केंद्रीय परिवहन मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कारवाईच्या सूचना दिल्यात. लोखंडी बंपर समोरच्याला लागला तर चालणाऱ्या माणसाला जास्त इजा होते, आणि गाडीचा पुढचा भाग जो चेपून धक्का सोसायला बनवलेला असतो त्याच्या कामात तो आडवा येतो. सस्पेन्शनचं काम करण्याआधी विमा कंपनीला ईमेलनं विचारा आणि लेखी उत्तर घ्या. वॉरंटी शिल्लक असेल तर सर्व्हिस सेंटरमध्ये पण विचारून ठेवा. क्लेमच्या वेळी तोंडी बोलणं कुणी धरत नाही.

असळजकर

बंपर आणि विंच रद्द. विमा कंपनीला ईमेल टाकलाय, उत्तर आल्याशिवाय काम सुरू करत नाही. चाळीस मिलिमीटरवर ठरवलं. दादा, बसवताना मी स्वतः उभा राहणार आहे. मिस्त्री घाई करतात म्हणून विचारतो, कुठल्या जागी लक्ष ठेवू? आणि उंची नक्की कुठनं कुठं मोजायची, जमिनीपासून बंपरपर्यंत का?

उद्यमनगर_पाटेवाला

जमिनीपासून नको. टायरची हवा कमी-जास्त झाली की माप चुकतं. हबच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोज. चारी चाकांची मापं काम सुरू व्हायच्या आधी आजच घे, डावी-उजवी वेगळी लिही.

बसवताना सगळ्यात महत्त्वाचं बुशचं. आर्मचे आणि पॅनहार्डचे बोल्ट गाडी हवेत असताना पूर्ण आवळू द्यायचे नाहीत. हातानं बसवायचे, गाडी जमिनीवर उतरवायची, पुढं-मागं दोनदा ढकलायची, आणि चाकांवर वजन असताना टॉर्क रेंचनं आवळायचे. लटकलेल्या अवस्थेत आवळले तर बुशचं रबर कायम पीळ खाऊन राहतं आणि लवकर फाटतं. चालणाऱ्या गॅरेजमध्ये पण ही घाई होते. तिथं उभा राहा आणि ठाम सांग.

नंतर एक चाक लटकवून ब्रेकचा रबरी पाइप, एबीएसची वायर आणि डिफरन्शियलचा श्वासाचा पाइप ताणला जात नाही ना बघ. स्टिअरिंग पूर्ण डावीकडं, मग पूर्ण उजवीकडं फिरवून परत तेच बघ. चारी चाकांना.

स्टिअरिंग वाकडं झालेलं असेल, लिफ्टनं ड्रॅग लिंकचा (स्टिअरिंगकडनं चाकांकडं जाणाऱ्या दांड्याचा) कोन बदलतो म्हणून. ते ड्रॅग लिंक फिरवूनच सरळ करायचं. स्टिअरिंगचं चाक काढून दुसऱ्या दातावर बसवू द्यायचं नाही. तुझ्या गाडीला ईएसपी (घसरणारी गाडी आपोआप ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा) आहे, त्याला स्टिअरिंगचा कोन सेन्सरवरनं कळतो. चाक तिरकं बसलं तर गाडी सरळ जात असताना त्याला वळण वाटतं आणि नको तिथं ब्रेक लागतो.

त्याच संध्याकाळी भिंतीसमोर उभी करून हेडलाइट खाली करून घे. करूळ घाटात समोरनं येणाऱ्याच्या डोळ्यात झोत गेला तर त्याला कठडा दिसत नाही.

नव्या स्प्रिंगा पहिले काही दिवस थोड्या बसतात. पाचशे किलोमीटर झाले की सगळे बोल्ट परत टॉर्क करून घे, हबपासूनची चारी मापं परत घे आणि कॅस्टरच्या दोन्ही प्रिंटसकट इथं टाक. एका बाजूचं माप दहा मिलिमीटरपेक्षा जास्त खाली गेलेलं दिसलं तर गाडी घेऊन ये, वीसच्या आतला स्पेसर माझ्याकडंच बसवून देतो.